अमेरिकेत राहून गेलेले पैसे स्टेट ट्रेझररकडून परत कसे मिळवायचे : पात्रता, कागदपत्रं, अर्ज

शिकागोजवळ अकरा वर्षं नोकरी करून पुण्याला परतलेली माझी आत्या एका दिवाळीत कपाट आवरत होती. एका प्लास्टिकच्या पिशवीत जुन्या बँकेची स्टेटमेंटं, विजेची दोन बिलं आणि नोकरीतला डब्ल्यू-टू फॉर्म, म्हणजे वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा कंपनीने दिलेला दाखला, होता. पिशवी रद्दीत निघाली होती. मी ती अडवली आणि तिचं नाव इलिनॉय राज्याच्या ट्रेझररच्या संकेतस्थळावर टाकून पाहिलं. दोन नोंदी निघाल्या : विसरलेलं बचत खातं आणि वीज कंपनीकडची अनामत. पैसे मिळाले ते त्या पिशवीतल्या कागदांच्या जोरावर. तेव्हापासून परतलेल्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला मी हे सांगत असतो.

आधी ट्रेझरर म्हणजे कोण ते पाहू, कारण अर्ज त्याच्याकडे का करायचा हे त्यातूनच कळतं. आपल्याकडे राज्याचा पैसा म्हटला की अर्थमंत्री, वित्त विभाग आणि जिल्ह्याचं कोषागार आठवतं. इलिनॉयमध्ये ट्रेझररला लोक थेट मतदान करून चार वर्षांसाठी निवडतात. उमेदवार अमेरिकेचा नागरिक, किमान २५ वर्षांचा आणि निवडणुकीआधी तीन वर्षं राज्यातला रहिवासी असावा लागतो. कर किती घ्यायचा, खर्च कशावर करायचा हे तो ठरवत नाही. १९७० च्या राज्यघटनेनुसार जमा झालेला पैसा आणि रोखे सुरक्षित ठेवायचे, गुंतवायचे आणि कंप्ट्रोलरचा, म्हणजे राज्याचे हिशेब सांभाळून देयकांचे हुकूम काढणाऱ्या अधिकाऱ्याचा, आदेश आला की द्यायचे, हे त्याचं काम. तिजोरी एकाकडे आणि हुकूम दुसऱ्याकडे, ही विभागणी राज्याने ठेच लागून जपली आहे. १९५६ मध्ये तिथला ऑडिटर, म्हणजे तेव्हा असे हुकूम काढणारा अधिकारी, ऑर्व्हिल हॉज याने खोट्या देयकांवर दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम लुबाडल्याचं उघड झालं होतं. नव्या राज्यघटनेत ऑडिटरच्या त्या पदाऐवजी कंप्ट्रोलर आला.

याच ट्रेझररकडे लोकांची बेवारस राहिलेली रक्कमही सांभाळायला असते. तिथे या योजनेला आय-कॅश म्हणतात. बँक, विमा कंपनी, नोकरी देणारी कंपनी, वीज कंपनी यांच्याकडे तुमचे पैसे पडून आहेत आणि ठरावीक काळ तुमचा काही संपर्क नाही, तर कायद्याने त्यांना ती रक्कम राज्याकडे द्यावीच लागते. बहुतेक रकमांसाठी हा काळ तीन वर्षांचा, पगारासाठी एकच वर्षाचा. राज्य इथे फक्त राखणदार असतं. मालकी तुमचीच राहते आणि दावा करायला शेवटची तारीख नसते. वीस वर्षांनी गेलात तरी चालतं. फक्त शेअर असतील तर काही काळाने राज्य ते विकतं आणि मग विक्रीची रक्कम हाती येते, म्हणून तिथे उशीर परवडत नाही.

दावा कोण करू शकतं? ज्याच्या नावावर रक्कम आहे तो, किंवा तो हयात नसेल तर त्याचा वारस. अमेरिकेचं नागरिकत्व लागत नाही, व्हिसा संपलेला असला तरी अडत नाही. इलिनॉय विद्यापीठात अर्बाना-शॅम्पेनला दोन वर्षं शिकून परतलेल्या मुलाची घराची अनामत राहिली असेल, तर ती त्याचीच आहे.

शोध कुठे घ्यायचा

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. रक्कम साधारणपणे तुमचा शेवटचा नोंदवलेला पत्ता ज्या राज्यातला, त्या राज्याकडे जाते. प्रत्येक राज्यात हे काम ट्रेझररकडेच असतं असंही नाही. कॅलिफोर्नियात ते स्टेट कंट्रोलरकडे आहे आणि न्यूयॉर्कमध्ये स्टेट कंप्ट्रोलरकडे. टेक्सासने तर ट्रेझररचं पदच १९९६ मध्ये रद्द केलं, तिथे हे काम कंप्ट्रोलर पाहतो. न्यू जर्सीत ट्रेझरी विभाग पाहतो, पण तिथला ट्रेझरर निवडून येत नाही, त्याला गव्हर्नर नेमतो. म्हणून जिथे जिथे राहिलात त्या प्रत्येक राज्याच्या सरकारी संकेतस्थळावर शोधा. बऱ्याच राज्यांत एकदम शोधायला मिसिंगमनी डॉट कॉम आहे, राज्यांच्या बेवारस मालमत्ता प्रशासकांच्या संघटनेची त्याला मान्यता आहे.

आणि एक. परतताना बँकेत पुण्याचा किंवा नाशिकचा पत्ता दिला असेल, तर रक्कम कंपनीची नोंदणी ज्या राज्यात झाली तिथे जाऊ शकते. अमेरिकेतल्या असंख्य कंपन्या डेलावेअरमध्ये नोंदलेल्या आहेत. त्यामुळे तिथे कधी पाऊल ठेवलं नसलं तरी डेलावेअरमध्ये शोध घ्याच.

नाव एकदाच टाकून थांबू नका. आपल्या नावांचा तिकडे पार चुराडा होतो. आत्याच्या एका नोंदीत मधलं नाव, म्हणजे फुवांचं नाव, आडनावाच्या रकान्यात पडलं होतं. दुसऱ्या नोंदीत मधल्या नावाचं फक्त आद्याक्षर होतं. आडनावाच्या शेवटी आय की वाय, लग्नाआधीचं नाव, नाव आणि आडनाव उलटसुलट, असं सगळं टाकून पाहा.

कागद कोणते लागतात

नोंद सापडली की संकेतस्थळावरच दावा नोंदवायचा. शुल्क काहीही नाही. दावा क्रमांक मिळतो आणि त्यावरून पुढची स्थिती पाहता येते. त्यानंतर तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध करायचं असतं. फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, त्यासाठी भारतीय पासपोर्ट सर्वांत सोयीचा. सोशल सिक्युरिटी नंबरचा, म्हणजे नोकरी आणि करासाठी तिथलं सरकार देतं त्या क्रमांकाचा, पुरावा लागतो : कार्ड, डब्ल्यू-टू किंवा जुनं कर विवरणपत्र.

खरी परीक्षा जुन्या पत्त्याची. नोंदीत जो पत्ता आहे त्यावर तुम्ही राहत होता हे दाखवावं लागतं आणि पंधरा वर्षांनी कुणाकडे बिल असतं? डब्ल्यू-टू असेल तर एकाच कागदात नाव, पत्ता आणि नंबर असं सगळं येतं. भाडेकरार, बँक स्टेटमेंट, तिकडचं क्रेडिट रिपोर्ट यांचाही उपयोग होतो. काहीच नसेल तर आयआरएसकडून, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याकडून, मागच्या दहा वर्षांपर्यंतचं वेतन आणि उत्पन्नाचं ट्रान्सक्रिप्ट मोफत मागवता येतं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद जोडा.

दाव्याचा अर्ज काही वेळा नोटरीपुढे सही करून मागतात. तेव्हा मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत वेळ घेऊन जावं, दर शिक्क्याला ५० डॉलर पडतात. रक्कम साठ-सत्तर डॉलरचीच असेल तर हा हिशेब आधी करा. शिवाय सही तिथल्या अधिकाऱ्यासमोरच करायची, घरून करून न्यायची नाही.

वारसांच्या दाव्यात मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. मृत्युपत्र आहे की नाही, रक्कम किती, यावर पुढचे कागद ठरतात, म्हणून आधी दावा नोंदवून ट्रेझररचं कार्यालय काय मागतं ते पाहावं आणि मगच धावपळ करावी. मराठीतल्या दाखल्याचा प्रमाणित इंग्रजी अनुवाद जोडा. अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून त्यावर मिळणारं सरकारी प्रमाणपत्र, मागितलं तर ते परराष्ट्र मंत्रालयाकडून होतं.

"तुमचे पैसे शोधून देतो" अशी पत्रं आणि फोन येतात. ही माणसं सगळी भामटी नसतात, पण इलिनॉयच्या कायद्यात त्यांचं शुल्क मिळालेल्या रकमेच्या १० टक्क्यांहून जास्त असता येत नाही, आणि रक्कम राज्याकडे आल्यापासून पहिल्या २४ महिन्यांत केलेला असा करार लागूच होत नाही. आधी पैसे भरा म्हणणाऱ्याला सोशल सिक्युरिटी नंबर मुळीच देऊ नका.

पैसे बहुधा डॉलरच्या चेकने येतात. अमेरिकेतलं खातं चालू असेल तर चेक तिथेच भरा, परदेशात असताना उघडलेलं खातं परतल्यावरही ठेवायला फेमा या आपल्या परकीय चलन कायद्याची मुभा आहे, विवरणपत्रात मात्र ते दाखवावं लागतं. खातं उरलं नसेल तर परतलेल्यांसाठीचं आरएफसी खातं, म्हणजे भारतातल्या बँकेतलं परकीय चलनाचं खातं, उघडता येतं. तो चेक वसुलीला घेतात का, किती दिवस आणि किती शुल्क, हे दावा करण्याआधीच आपल्या शाखेत विचारून ठेवा. आत्याने हे विचारलं नव्हतं. पहिल्या शाखेने चेक घेतलाच नाही, दुसरीने घेतला, आणि रक्कम खात्यात दिसायला दोन महिने गेले.