बेंगळूर ते सॅन फ्रान्सिस्को 14,000 किमी, हे मोजलं कुणी?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची किती तरी पोरं आता अमेरिकेत आहेत, आणि घरातल्यांचा पहिला प्रश्न हाच, किती लांब आहे ते? मोबाईलवर टाकलं की बेंगळूर ते सॅन फ्रान्सिस्को साधारण 14,000 किमी असं लगेच येतंय. हा आकडा विमानानं मोजलेला नाही, तो गणितातून येतो आणि त्या गणितामागं लई मोठी पायपीट आहे.

आपल्याकडं ती 1802 ला मद्रासजवळ सुरू झाली. ब्रिटिश लष्करातल्या विल्यम लॅम्ब्टननं सेंट थॉमस माउंटजवळ 100 फुटी पोलादी साखळीनं साडेसात मैलांची एक रेषा मोजली. उन्हात पोलाद वाढतंय म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवायची, वर तंबू, शेजारी थर्मामीटर, मग रीडिंग. एवढी एक बाजू पक्की झाली की पुढं कोन मोजत त्रिकोणाला त्रिकोण जोडत जायचं. लॅम्ब्टन 1823 ला आपल्या महाराष्ट्रातल्या हिंगणघाटला वारला आणि ते काम जॉर्ज एव्हरेस्टनं हिमालयापर्यंत नेलं. साखळ्या ओढणाऱ्या, जंगलात तापानं गेलेल्या आपल्या माणसांची नावं मात्र कुठं फारशी सापडत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

असल्या मोजणीतूनच पृथ्वी ध्रुवाकडं किती चपटी ते कळत गेलं. आज जीपीएस जो आकार धरतंय त्यात विषुववृत्ताची त्रिज्या 6378 किमी आणि ध्रुवाकडची 6357.

आता हिशोब बघा. प्रत्येक एअरपोर्टचा एक ठरलेला बिंदू असतो, त्याचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, आपल्या बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या 1942 च्या धावपट्टीलाही तसा बिंदू आहेच. बेंगळूर आणि सॅन फ्रान्सिस्कोमध्ये पृथ्वीच्या केंद्राशी जवळपास 126 अंशांचा कोन होतो, एक अंश म्हणजे सुमारे 111 किमी, गुणलं की 13,986. कोन काढायचं हॅव्हरसाईन नावाचं सूत्र जहाजवाल्यांनी 19 व्या शतकात वापरात आणलं, आणि त्याच्या मुळाशी असलेली उत्क्रमज्या (म्हणजे 1 वजा कोज्या) आपल्या जुन्या ज्योतिषाच्या सिद्धांतग्रंथांत आधीपासून होती, हे शाळेत सांगायला पाहिजे. चपटेपणा धरून मिलिमीटरपर्यंत जाणारी रीत थॅडियस व्हिन्सेंटीनं 1975 ला दिली.

आणि भिंतीवरचा नकाशा बघून अंदाज बांधू नका. तो पुष्कळदा मर्केटर या नकाशाकाराच्या 1569 च्या पद्धतीचा असतो, त्यावर हा रस्ता सरळ आडवा वाटतो, पण दोन्ही गावांच्या रेखांशांत 160 अंशांचा फरक आहे, म्हणजे ती पृथ्वीच्या जवळजवळ दोन बाजूंना, त्यामुळं सगळ्यात जवळची वाट उत्तर ध्रुवाच्या बाजूनं जाते. जानेवारी 2021 मध्ये एअर इंडियाचं सगळ्या महिला पायलट असलेलं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळूरला तसंच आलं.

विमान प्रत्यक्षात थोडं जास्तच उडतं, कारण वारा बघावा लागतो आणि कुठल्या देशाचं आकाश बंद असलं की वळसा पडतो, 2019 ला पाकिस्ताननं हवाई हद्द बंद केली तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांनी तो भोगलाय. म्हणून तिकिटाची वेळ आणि हे अंतर यांचा ताळा किलोमीटरला किलोमीटर बसत नाही.