कवटीवरचा हलका हात

ब्रिटनमध्ये रडव्या बाळाला ऑस्टिओपॅथकडे, म्हणजे हाडं-स्नायू हाताने हाताळून उपचार करणाऱ्याकडे, नेणारे आईबाप बरेच आहेत. तिथे उपचार चालू आहेत हे बघणाऱ्याला चटकन कळतसुद्धा नाही. बाळ उताणं निजलेलं, ऑस्टिओपॅथचा एक हात डोक्याखाली, दुसरा माकडहाडाखाली. ना कडकड, ना झटका. पुष्कळदा बाळ तिथेच झोपी जातं.

यामागची कल्पना अमेरिकेतल्या विल्यम सदरलँड यांची. कवटीची हाडं ठरावीक लयीत हलतात आणि ती लय हाताला जाणवते, असं त्यांनी १९३९ साली पुस्तकातून मांडलं. जन्मताना डोकं दबतं, ताण राहून जातो, म्हणून बाळ किरकिरतं, हे पुढचं स्पष्टीकरण.

यातलं अर्धं बरोबर आहे. नवजात बाळाच्या कवटीची हाडं जुळलेली नसतात, प्रसूतीत ती एकमेकांवर सरकतात आणि पुढची टाळू भरायला साधारण दीड वर्ष लागतं. मात्र प्रसूतीत चेपलेलं डोकं बहुधा काही दिवसांत आपोआप आकार घेतं. (आपल्याकडे याचं श्रेय तेल लावणाऱ्या बाईंना मिळतं.) आणि ती लय? एकाच डोक्यावर दोन तज्ज्ञांनी हात ठेवून मोजली, तर आकडे जुळत नाहीत.

मग बाळं शांत होतात ती कशी? कॉलिकचं, म्हणजे तान्ह्या बाळाचं कारण न कळणारं, तासन्‌तास चालणारं रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळसाला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. आईबाप उपचार शोधू लागतात ते नेमके कळसाच्या दिवसांत. त्यानंतर काहीही केलं तरी उतारच दिसणार. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात अशा हस्तोपचारांच्या सहा चाचण्या, ३२५ बाळं होती. रडणं कमी झाल्यासारखं दिसलं खरं, पण बहुतेक चाचण्यांत रडण्याची नोंद ठेवणाऱ्या आईबापांना आपल्या बाळावर उपचार झालेत की नाही हे ठाऊक होतं. ज्यांत ते ठाऊक नव्हतं, तेवढ्याच चाचण्या धरल्या तर ठोस फरक उरला नाही.

सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचाली बिघडण्याचा विकार) असलेल्या मुलांवर याच उपचाराची झालेली ब्रिटिश चाचणी मला जास्त बोलकी वाटते. १४२ मुलं, सहा महिने. हालचालींच्या मोजमापात फरक नाही, तरी उपचार मिळालेल्या मुलांचे पालक ‘तब्येत सुधारली’ असं जास्त प्रमाणात सांगत होते.

हलक्या हाताने इजा होण्याची भीती फारशी नाही. भीती आहे ती वेळ जाण्याची. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप, फुगलेली टाळू किंवा हिरवी उलटी दिसली तर थेट बालरोगतज्ज्ञ गाठावा.