रोटाव्हायरसची लस मुंबईत मोफत कशी मिळते: वय, कागदपत्रं आणि ते एक कार्ड

बाळाच्या जन्मापासून ४२ दिवस मोजा आणि कॅलेंडरवर खूण करा. त्या दिवशी, किंवा त्यानंतर लसीकरणाचा जो पहिला वार येईल त्या दिवशी, महापालिकेच्या हेल्थ पोस्टवर जायचं. रोटाव्हायरस म्हणजे लहान बाळांना जोराचे जुलाब करणारा विषाणू. त्याच्यावरच्या लसीचा पहिला डोस सहा आठवडे पूर्ण झाल्यावर मिळतो, दुसरा दहा आठवड्यांना आणि तिसरा चौदा आठवड्यांना. एक पैसा लागत नाही. लस सरकारच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात आहे, त्यामुळे उत्पन्नाची अट नाही आणि मुंबईचा रहिवासी असल्याचा पुरावाही द्यावा लागत नाही. महाराष्ट्रात ती २०१९ पासून मिळते. तरीही डोस राहून जातात. माझ्या पाहण्यात त्याची कारणं दोनच: बाळंतपण माहेरी झालेलं असतं, आणि परत येताना बाळाच्या लसींची नोंद असलेलं कार्ड तिकडेच राहिलेलं असतं.

आधी हा विषाणू काय करतो ते सांगते, म्हणजे तारखेची एवढी घाई का ते कळेल. सूक्ष्मदर्शकाखाली तो चाकासारखा दिसतो. लॅटिनमध्ये ‘रोटा’ म्हणजे चाक, त्यावरून हे नाव पडलं. १९७३ मध्ये मेलबर्नला रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाब झालेल्या मुलांच्या आतड्यात तो पाहिला. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, अन्न आणि पाणी तिथूनच शोषलं जातं. विषाणू या उंचवट्यांच्या टोकावरच्या पेशी मारतो. मग पोटात गेलेलं पाणी अंगात मुरतच नाही. शिवाय विषाणूचं एक प्रथिन आतड्याला आणखी पाणी सोडायला लावतं. म्हणून आधी उलट्या आणि ताप, मग पाण्यासारखे जुलाब. बाळ काही तासांत सुकतं. अँटिबायोटिकचा इथे काही उपयोग नाही.

आजारी बाळाच्या एका ग्रॅम शीमध्ये अब्जावधी विषाणू असतात, आणि लागण व्हायला थोडेसेच पुरतात. खेळणं, दाराची कडी, लंगोट बदलणारा हात, कुठूनही तो पसरतो. ‘आमच्याकडे पाणी उकळूनच पितात’ असं म्हणणाऱ्या घरातही तो येतो. जगभरात जवळपास प्रत्येक मूल पाच वर्षांचं होईपर्यंत त्याला एकदा तरी सामोरं जातं. पहिली लागण सहसा सगळ्यात जड असते, आणि आपल्याकडे ती फार लवकर, बहुधा पहिल्या-दुसऱ्या वर्षातच होते. लस त्याच्या आधी पोटात जायला हवी.

तारीख चुकलीच तर? बाळाला एक वर्ष पूर्ण व्हायच्या आत पहिला डोस घेता येतो. तो एकदा झाला की उरलेले डोस किमान चार आठवड्यांच्या अंतराने पूर्ण करतात. मधे खंड पडला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करायची नसते. एकही डोस न घेता पहिला वाढदिवस उलटला, तर मात्र या कार्यक्रमात ही लस मिळत नाही.

आता कागदपत्रं. सगळ्यात मोलाचं आहे माता-बाल संरक्षण कार्ड. त्यावर जन्मतारीख आणि आधी दिलेल्या लसी, म्हणजे बीसीजी आणि जन्मतःचा पोलिओ, लिहिलेल्या असतात. सोबत मोबाइल आणि आई किंवा वडिलांचं एखादं ओळखपत्र ठेवा. यू-विन या लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर नोंदणीसाठी ते लागतं. नोंदणी घरूनही होते आणि केंद्रावर सिस्टरही करून देतात. जन्मदाखला हातात आला नसेल तर त्याची वाट पाहू नका, प्रसूतीचं डिस्चार्ज कार्ड दाखवा. सातारा, रत्नागिरी किंवा उत्तर प्रदेशातलं कार्डही इथे चालतं.

माझी भाची माहेरून परतली तेव्हा बाळ तीन महिन्यांचं होतं आणि कार्ड गावच्या ट्रंकेत. एका केंद्रावर तिला ‘कार्ड आणा, मग या’ म्हणून परत पाठवलं. ती घरी येऊन रडली. कार्ड हरवलं तर नवं करून मिळतं. कागद नाही म्हणून बाळाला लसीविना परत पाठवणं चुकीचंच आहे. असं झालं तर तिथल्या डॉक्टरांना भेटा, नाही ऐकलं तर विभाग कार्यालयातल्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांकडे जा. आणि माहेरी निघायच्या आधी कार्डाच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून तो नवऱ्याला, आईला पाठवून ठेवा.

केंद्र कुठलं आणि वार कोणता, हे वस्तीत येणाऱ्या आरोग्य सेविकेला विचारा, तिला घरोघरची बाळं ठाऊक असतात. महापालिकेच्या प्रसूतिगृहांत आणि केईएम, सायन, नायरसारख्या रुग्णालयांतही लसीकरण होतं. खासगी डॉक्टरांकडे पैसे पडतात, आणि तिथला एखादा ब्रँड दोन डोसचाही असतो. म्हणून सुरुवात तिथे केली असेल तर कार्डावर लसीचं नाव लिहून घ्या.

रोटाची सुई नसते, ती तोंडाने देतात. कुपीवर एक छोटं वर्तुळ आणि त्यात चौकोन असतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस उष्णतेने खराब झालेली नाही. बघायला मागा, त्यात संकोच कसला? आधी-नंतर अंगावर पाजायला हरकत नाही. त्याच भेटीत पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस) यांसारख्या इंजेक्शनच्या लसीही देतात. बाळाने डोस थुंकला तर तिथेच सिस्टरना सांगा. नंतर अर्धा तास केंद्रावर थांबा.

बाळाला आतड्यात आतडं शिरण्याचा आजार पूर्वी झाला असेल, आधीच्या डोसची तीव्र अ‍ॅलर्जी आली असेल किंवा जन्मजात प्रतिकारशक्तीचा गंभीर दोष असेल, तर ही लस देत नाहीत. जोराचे जुलाब चालू असतील तर डोस पुढे ढकलतात. साधी सर्दी आड येत नाही. डोसनंतरच्या दिवसांत बाळ पाय पोटाशी घेऊन कळवळून रडत असेल, सारख्या उलट्या होत असतील किंवा शीतून रक्त जात असेल, तर थेट रुग्णालयात जा. असं क्वचितच घडतं, पण उशीर परवडत नाही.

लस घेतली तरी जुलाब होऊ शकतात. भारतातच तयार झालेल्या रोटाव्हॅक या रोटाव्हायरस लसीच्या चाचणीत पहिल्या वर्षी रोटाव्हायरसचे गंभीर जुलाब सुमारे ५६ टक्क्यांनी कमी झाले. म्हणून घरात ओआरएसची पाकिटं असू द्या. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात अख्खं विरघळवायचं, थोडं थोडं चमच्याने पाजायचं आणि २४ तासांनी उरलेलं टाकून द्यायचं. दूध चालू ठेवा. झिंक डॉक्टर सांगतील तसं १४ दिवस द्या, जुलाब थांबले तरी. डोळे खोल गेले, शू कमी झाली, बाळ मलूल पडलं की दवाखाना गाठा.

तिसरा डोस झाला तरी कार्ड कपाटात आत सरकवू नका, नऊ महिन्यांना गोवर-रुबेलासाठी तेच लागेल.