पशुखाद्यातील सूक्ष्म खनिज पूरकांचे सुरक्षितता मूल्यमापन

जनावरांच्या खाद्यात तांबे, जस्त, मँगेनीज, लोह, आयोडीन, कोबाल्ट, सेलेनियम ही खनिजे बाहेरून मिसळली, तर ती कोणत्या रूपात आणि किती प्रमाणापर्यंत निर्धोक असतात, हे पुराव्यानिशी ठरवण्याची प्रक्रिया. कॅल्शियम, फॉस्फरस यांची गरज ग्रॅममध्ये मोजतात. ही खनिजे एक किलो खाद्यामागे काही मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी लागतात, म्हणून त्यांना सूक्ष्म खनिजे म्हणतात. मूल्यमापनात चौघांचा विचार होतो : ते खाद्य खाणारे जनावर, त्याचे दूध, मांस व अंडी खाणारा माणूस, पूरकांची पोती हाताळणारा कामगार, आणि शेणमूत्र जिथे जाऊन पडते ती जमीन व पाणी.

शिसे किंवा पारा यांच्याबाबतीत निकष सरळ असतो. जितके कमी तितके बरे. सूक्ष्म खनिजांना तो लावता येत नाही. खनिज कमी पडले तर जनावर आजारी पडते आणि जास्त झाले तरीही पडते. सुरक्षित पट्टा या दोन टोकांच्या मध्ये असतो, आणि काही खनिजांत तो फारच अरुंद असतो. सेलेनियमची कहाणी या दृष्टीने बोलकी आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेच्या मैदानी प्रदेशांतील गुरांचे शेपटीचे केस गळणे, खुरांवर वळ्या उठून ती सोलली जाणे आणि लंगडणे या विकाराचे मूळ सेलेनियमयुक्त चाऱ्यात सापडले. तेव्हापासून ते निव्वळ विष म्हणून ओळखले जाऊ लागले. १९५७ मध्ये क्लाउस श्वार्ट्‌झ आणि कॅल्व्हिन फोल्ट्झ यांनी उंदरांमधील यकृताचा ऱ्हास सेलेनियमच्या अत्यल्प मात्रेने रोखता येतो हे दाखवले आणि त्याच मूलद्रव्याची गणना आवश्यक पोषकांत झाली. तरीही खाद्यात ते मिसळण्याची परवानगी अमेरिकेत १९७४ मध्ये मिळाली. आज तेथे वरून घालायच्या सेलेनियमची मर्यादा किलोला ०.३ मि.ग्रॅ. आहे. युरोपीय संघात खाद्यातील एकूण सेलेनियम, म्हणजे धान्य-चाऱ्यात मुळात असलेले धरून, किलोला ०.५ मि.ग्रॅ. चालते. या दोन आकड्यांची थेट तुलना करू नये. एक आकडा वरून घातलेल्याचा आहे, दुसरा एकूणाचा.

०.३ मि.ग्रॅ. म्हणजे प्रत्यक्षात किती, हे हिशेब मांडल्याशिवाय लक्षात येत नाही. एक टन खाद्याला ३०० मि.ग्रॅ. सेलेनियम लागते. सोडियम सेलेनाइट या सेलेनियमच्या क्षारात वजनाने सुमारे ४५.७ टक्के सेलेनियम असते, म्हणजे टनाला जेमतेम ०.६६ ग्रॅम भुकटी. एवढीशी भुकटी हजार किलो खाद्यात सारखी पसरवायची असते. ती एका कोपऱ्यात साचली तर काही जनावरांच्या वाट्याला काहीच येणार नाही आणि काहींच्या वाट्याला विषारी मात्रा येईल. म्हणून खनिज थेट मिसळत नाहीत. आधी चुनखडीसारख्या वाहकात घोळून पूर्वमिश्रण, म्हणजे प्रीमिक्स, करतात आणि मग ते खाद्यात घालतात. पूर्वमिश्रणात खनिज एकसारखे पसरते का, साठवणीत वेगळे होऊन तळाशी बसते का, याचे पुरावे परवान्याच्या अर्जातच द्यावे लागतात. विषबाधेच्या घटनांमध्ये पदार्थ मुळात वाईट असण्यापेक्षा तोलण्या-मिसळण्यातली चूक हे कारण अधिक संभवते, त्यामुळे मूल्यमापनाच्या या भागाला दुय्यम मानणे धोक्याचे आहे.

लक्ष्य प्राण्याची, म्हणजे ज्याच्यासाठी पूरक आहे त्या जनावराची, सुरक्षितता प्रजातीगणिक किती बदलते, हे तांब्याइतके स्पष्ट दुसरे खनिज दाखवत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००५ मध्ये दिलेल्या कमाल सहनीय पातळ्या किलोला मेंढीसाठी १५, गुरांसाठी ४० आणि डुकरांसाठी २५० मि.ग्रॅ. अशा आहेत. डुकराच्या पिलांना मानवणारे खाद्य चुकून मेंढ्यांपुढे पडले तर कळप दगावू शकतो. मेंढीचे यकृत जादा तांबे पित्तावाटे पुरेसे बाहेर टाकू शकत नाही. ते यकृतात साठत राहते. आठवडेच्या आठवडे, कधी महिने, मेंढी चरते, रवंथ करते, वरून काहीच दिसत नाही. रक्तातले तांबेही या काळात फारसे वाढत नाही, त्यामुळे निव्वळ रक्ततपासणीवर विसंबणारा फसतो. यकृतातील काही विकरांची (एन्झाइमांची) रक्तातली पातळी मात्र आधी वाढू लागते. मग लांबचा प्रवास, उपासमार, हवेतला अचानक बदल किंवा व्याण्याचा ताण आला की यकृतातले तांबे एकदम रक्तात उतरते आणि तांबड्या पेशी फुटतात. डोळे व हिरड्या पिवळ्या पडतात, लघवी गडद तांबडी होते, आणि बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत मेंढी मरते. शवविच्छेदनात मूत्रपिंडे निळसर काळी दिसतात.

यात मॉलिब्डेनम या आणखी एका खनिजाची भूमिका मोठी आहे. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पहिल्या जठरात मॉलिब्डेनम व गंधक यांची संयुगे तयार होऊन तांब्याला बांधून ठेवतात. खाद्यात मॉलिब्डेनम फार कमी असेल तर एरवी निर्धोक समजले जाणारे तांबेही बाधते, आणि ते भरपूर असेल तर पुरेसे तांबे असलेल्या चाऱ्यावरही गुरांना तांब्याची उणीव भासते. म्हणजे किलोला अमुक मिलिग्रॅम हा आकडा एकटा पुरेसा नाही. बाकीचा आहार कसा आहे, हे माहीत असल्याखेरीज तो वाचता येत नाही.

सहनशीलता चाचणीत एका गटाला नेहमीचे खाद्य, दुसऱ्याला शिफारशीच्या वरच्या टोकाची मात्रा आणि तिसऱ्याला तिच्या काही पट मात्रा देतात. युरोपात मांसासाठीच्या कोंबड्यांवर ही चाचणी किमान ३५ दिवस, दूध सोडलेल्या डुकराच्या पिलांवर ४२ आणि दुभत्या गाईंवर ५६ दिवस चालते. वजन, खाल्लेले खाद्य, उत्पादन, रक्ताचे घटक आणि गरज पडल्यास अवयव तपासले जातात. मेंढीत तांबे जसे हळूहळू साठते तसे साठणाऱ्या खनिजांसाठी एवढी मुदत अपुरी पडू शकते. तेथे यकृतातली साठवण मोजलेली असेल तरच निष्कर्षावर विश्वास ठेवावा.

खनिजाचे रूपही स्वतंत्रपणे तपासावे लागते. सल्फेट, ऑक्साइड, कार्बोनेट ही असेंद्रिय रूपे. अमिनो आम्लांशी बांधलेली चिलेट आणि सेलेनियमयुक्त यीस्ट ही सेंद्रिय रूपे. तांब्याचे ऑक्साइड शरीरात फारच कमी शोषले जाते, सल्फेट चांगले. सेंद्रिय म्हणजे आपोआप अधिक सुरक्षित, हा समज जाहिरातींमुळे पसरला आहे आणि तो खरा नाही. यीस्टमधील सेलेनियम मुख्यतः सेलेनोमिथिओनिनच्या रूपात असते. शरीर त्याला मिथिओनिन हे नेहमीचे अमिनो आम्ल समजून स्नायूंच्या, दुधाच्या, अंड्याच्या प्रथिनांत गुंफते, आणि तिथून ते माणसाच्या ताटात सेलेनाइटपेक्षा जास्त प्रमाणात पोहोचते. याच कारणाने युरोपीय संघाने सेंद्रिय सेलेनियम वरून घालण्याची मर्यादा किलोला ०.२ मि.ग्रॅ. ठेवली.

ग्राहकाच्या बाजूने सर्वांत अवघड प्रश्न आयोडीनचा आहे, कारण गाईच्या खाद्यातले आयोडीन वाढवले की दुधातले वाढते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१३ मध्ये दुभत्या गाईंच्या खाद्यातील मर्यादा किलोला ५ वरून २ मि.ग्रॅ. आणि अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी ५ वरून ३ मि.ग्रॅ.वर आणण्याचा सल्ला दिला. दूध जास्त पिणाऱ्या लहान मुलांच्या पोटात कमाल मर्यादेपेक्षा अधिक आयोडीन जाऊ शकते, ही त्यामागची काळजी होती. पण अनेक ठिकाणी दूध हाच लोकांच्या आयोडीनचा मोठा आधार आहे. २०१५ च्या नियमात दोन्ही मर्यादा ५ मि.ग्रॅ.च राहिल्या. धोका किती हे शास्त्रज्ञ सांगतात, तो किती पत्करायचा हे नियम करणारे ठरवतात, आणि या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे पारदर्शकतेसाठी गरजेचे आहे.

पूरकासोबत येणारी अशुद्धी ही आणखी एक वाट. निसर्गात जस्ताच्या खनिजात कॅडमियम हा विषारी धातू मिसळलेला असतो आणि शुद्धीकरण नीट झाले नाही तर तो पूरकात उतरतो. युरोपात सूक्ष्म खनिज संयुगांत कॅडमियमची सर्वसाधारण मर्यादा किलोला १० मि.ग्रॅ. असून जस्ताच्या ऑक्साइडसह काही मोजक्या संयुगांना ३० पर्यंत सूट आहे. कॅडमियम जनावराच्या मूत्रपिंडात वर्षानुवर्षे राहते.

कामगारांना धोका मुख्यतः धुळीचा. सोडियम सेलेनाइट अत्यंत विषारी आहे, तर कोबाल्टच्या क्षारांची धूळ श्वासावाटे गेल्यास कर्करोगाचा संभव मानला जातो. म्हणून धूळ न उडणारे, लेप दिलेले दाणेदार रूप पसंत करतात. कोबाल्टचा वापर युरोपात २०१३ पासून मुख्यतः रवंथ करणारे प्राणी, घोडे, ससे अशा प्राण्यांपुरता ठेवला आहे, ज्यांच्या पचनमार्गातले सूक्ष्मजीव त्यापासून ब-१२ जीवनसत्त्व बनवतात.

जनावराने खाल्लेल्या तांब्या-जस्ताचा बहुतांश भाग शेणावाटे बाहेर पडतो. खत म्हणून तो शेतात जातो आणि मातीत साठतो. धातूचे विघटन होत नाही. मूल्यमापनात मातीतली अपेक्षित मात्रा काढून ती गांडुळे, सूक्ष्मजीव, वनस्पती व जलचर यांना बाधणार नाही अशा मात्रेशी ताडून पाहतात. डुकरांच्या शेणखताने सुपीक केलेल्या कुरणात मेंढ्या चरल्या, तर एका जनावराला मानवलेले तांबे दुसऱ्याला विष ठरू शकते. प्रतिजैविकांशीही याचा संबंध आहे. डुकरांच्या आतड्यातील एन्टेरोकोकस जीवाणूंत तांब्याला दाद न देणारे टीसीआरबी जनुक प्रतिजैविक-प्रतिरोधाच्या जनुकांसोबत सापडले आहे. तांब्याचा मारा सोसून टिकणारा जीवाणू असा प्रतिरोधही टिकवून ठेवतो. जस्ताचे ऑक्साइड औषध म्हणून दूध सोडलेल्या पिलांचा हगवणीपासून बचाव करण्यासाठी किलोला सुमारे २,५०० मि.ग्रॅ. देत, पर्यावरणातील साठवण व प्रतिरोधाच्या काळजीमुळे युरोपीय संघात हा औषधी वापर जून २०२२ मध्ये बंद झाला.

युरोपीय संघाच्या नियमन १८३१/२००३ नुसार पूरकाचा परवाना दहा वर्षांचा असतो आणि नूतनीकरणाच्या वेळी पुरावा नव्याने तपासला जातो. २०१८ मध्ये तांब्याच्या मर्यादा अशाच फेरतपासणीनंतर बदलल्या. डुकराच्या पिलांसाठी बारा आठवड्यांच्या वयापर्यंत किलोला १७० मि.ग्रॅ. चालत, ते दूध सोडल्यानंतरच्या चार आठवड्यांपर्यंत १५० आणि पुढच्या चार आठवड्यांसाठी १०० झाले. मोठ्या गुरांची मर्यादा ३५ वरून ३० वर आली. मेंढीची १५ होती, ती तशीच राहिली. शेळीची मात्र २५ वरून ३५ वर नेली, कारण शेळी मेंढीसारखी दिसत असली तरी तांबे मेंढीपेक्षा बरेच अधिक सहन करते.