फायबर आर्टिस्ट म्हणजे नक्की कोण? लोकरीच्या चार कामांची पार्श्वभूमी

मी फायबर आर्टिस्ट आहे असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, म्हणजे त्या फायबरच्या मूर्ती बनवतात तसं का? त्याची काही चूक नाही, आपल्याकडे फायबर म्हणजे दुकानाबाहेरचा पुतळा नाहीतर गच्चीवरची टाकी. मग मी म्हणते नाही हो, लोकर. मी लोकर कातते, सुयांवर विणते, मागावर विणते आणि मळून जेनपण करते, म्हणजे न कातता न विणता लोकर दाबून केलेली जाड चादर. एकदा एका आजोबांनी यावर विचारलं, "विणते असं दोनदा का म्हणालीस?" आणि खरं सांगू का, मला आजवर विचारलेला हा सगळ्यात भारी प्रश्न आहे.

मराठीत स्वेटर विणतात, लुगडं विणतात, बाज विणतात, बुरूड टोपली विणतो, सुगरण घरटं विणते. मागावरच्या कामाचा आणि सुयांवरच्या कामाचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, एकात उभे धागे ताणून त्यातून आडवा धागा घालायचा, दुसऱ्यात एकच धागा स्वतःच्याच फासातून ओढत न्यायचा, पण क्रियापद एकच. माझ्या मते याचं कारण सरळ आहे. मागाचं काम इथलं जुनं आणि सुयांचं काम उशिरा आलेलं, आलं तेव्हा जवळचं जे क्रियापद होतं त्यात त्याला सरकवून घेतलं. म्हणून "विणकर" म्हटलं की डोळ्यासमोर माग येतो आणि "विणकाम" म्हटलं की शाळेतली बाई. हे दोन शब्द इतके शेजारी असून त्यातली माणसं मात्र एकमेकांना कधी भेटली नाहीत, आणि मला या नोटमध्ये मुख्य सांगायचंय ते हेच, की कातणं, मागावर विणणं, मळणं आणि सुयांवर विणणं ही चारही कामं महाराष्ट्रात होती पण एका माणसाच्या हातात कधीच नव्हती.

सुरुवात मेंढीपासून करावी लागते. आपली मेंढी म्हणजे दख्खनी, बहुतेक काळी किंवा काळपट, महाराष्ट्र कर्नाटक तेलंगणाच्या कोरड्या पट्ट्यात चालून चालून जगणारी. तिच्यातही लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे प्रकार. वर्षातून दोनदा कातरायची तरी लोकर मिळते वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण किलो, ऑस्ट्रेलियातली मेरिनो मेंढी चार-पाच किलो देते. शिवाय जाडी. मेरिनोचा केस साधारण २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), दख्खनीचा ५०च्या आसपास, आणि ३०च्या वर गेलं की केस अंगाला टोचायला लागतो. म्हणजे दख्खनी लोकर टोचते ही तक्रार नाही, ते मोजमाप आहे. फक्त कोकराची पहिली कातरणी, म्हणजे जावळ, ते मऊ असतं, म्हणून जावळाची घोंगडी आजही भाव खाऊन जाते.

कातरायचं काम पुरुषांचं. मग लोकर पिंजायची, तिचे पेळू म्हणजे कातायला घ्यायच्या सुरळ्या करायच्या आणि कातायचं, ते बहुतेक धनगर घरातल्या बायकांचं, पण मेंढरांमागे चालता चालता हातातल्या तकलीवर सूत काढणारे बाप्येही असायचे. तकली किंवा चाती ही जगभरची हजारो वर्षं जुनी वस्तू, चरखा मात्र त्या मानाने अलीकडचा. भारतात चरख्याचा जो पहिला स्पष्ट उल्लेख इतिहासकार सांगतात तो १३५०चा आहे, इसामी नावाच्या कवीच्या फारसी काव्यातला, आणि मजा म्हणजे तो लिहिला गेला दख्खनमध्येच, बहामनी सुलतानाच्या आश्रयाने. हा इसामी पोरवयात महंमद तुघलकाच्या हुकमाने दिल्लीहून दौलताबादला आणलेल्या लोकांपैकी, म्हातारे आजोबा वाटेतच गेले. आणि उल्लेख कसला, तर रझिया सुलतानाला टोमणा मारायला, की बाईने राज्य कशाला करावं, चरख्यापाशी बसावं. मी चरखा घेऊन बसले की मला हा टोमणा दर वेळी आठवतो. असो.

पुढे गांधीजींनी हाच चरखा कुठल्या कुठे नेला, १९२५ला चरखा संघ निघाला, येरवडा तुरुंगातल्या खटपटीतून पेटीत मावणारं यरवडा चक्र आलं. पण ते सगळं कापसाचं. लोकर तिथे मागच्या बाकावरच बसलेली राहिली. माझ्याकडचा पेटी चरखासुद्धा कापसाचाच आहे, त्याच्या बारीक चातीवर दख्खनी लोकर घेतली की धागा सारखा तुटतो, शेवटी तकलीवरच कातावं लागतं.

सूत झालं की ते घोंगडी विणणाऱ्या सनगर नाहीतर खुटेकर धनगरांकडे. खुटेकर हे नाव मागासाठी जमिनीत ठोकतात त्या खुट्यांवरून पडलं असं सांगतात. माग खड्ड्याचा, विणणारा कमरेपर्यंत खड्ड्यात पाय सोडून बसतो. त्याआधी उभ्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावायची, चिंचोके भिजवून शिजवून वाटून केलेली, गल्लीत लांबच्या लांब ताणा ताणून मोठ्या कुंच्याने ती फासायची. हे केलं नाही तर तो केसाळ धागा मागावर एकमेकात गुंततो आणि तुटतो. नवीन घोंगडी पत्र्यासारखी कडक लागते ती या खळीमुळे, वापरून वापरून मऊ पडते. मला विचाराल तर या सगळ्या प्रकारात सगळ्यात हुशार गोष्ट ही खळ आहे, फुकटातल्या बियांपासून केलेली, आणि तिच्याबद्दल कोणी कौतुकाने बोलताना मी ऐकलेलं नाही.

आणि आता "भिजत घोंगडं". आपण हे सरकारी कामासाठी वापरतो पण त्यात चक्क फिजिक्स आहे. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा हाताला ओली न लागता पोटात घेते, वर तो घेताना थोडी उष्णता बाहेर टाकते. म्हणूनच मेंढपाळ भर पावसात घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतो आणि आत ऊब टिकते, वर केसातल्या चरबीमुळे आणि दाट झालेल्या पोतामुळे बरंचसं पाणी ओघळून जातं. पण एकदा का ते घोंगडं बुडवून भिजवलं की मग ते उचलवत नाही, पिळवत नाही आणि दोन-दोन दिवस वाळत नाही. मी गच्चीवर हा प्रयोग केलाय, दोरी तुटली.

घोंगडी नुसती पांघरायची वस्तू नव्हती. खंडोबाची तळी भरायला घोंगडी अंथरतात, पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकर आणि खारकाही उधळतात. लोकर शुद्ध मानलेली, त्यामुळे ज्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात धनगराला पाऊल टाकू दिलं नसतं तिथे त्याच्या मेंढीची लोकर धाबळी, म्हणजे सोवळ्यात नेसायचं लोकरीचं वस्त्र, होऊन मजेत आत जायची. दुसऱ्या बाजूला महात्मा फुले १८८८ला पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीला शेतकऱ्याच्या वेशात गेले, त्यांच्या खांद्यावरची घोंगडी आजही सांगितली जाते, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांच्या खांद्यावर तर ती कायमचीच. एकच कापड, एकीकडे सोवळं आणि दुसरीकडे सोवळं मानणाऱ्यांना दिलेलं उत्तर.

तिसरं काम मळण्याचं, आणि हे लोकांना सगळ्यात कमी माहीत असतं. जेन किंवा बुरणूस, म्हणजे लोकर कातायची नाही विणायची नाही, नुसती पिंजून थरावर थर पसरायची, गरम पाणी आणि साबण शिंपडायचा, चटईत गुंडाळून वळकटी करायची आणि ती पायाने हाताने तासन्‌तास लोळवायची. लोकरीच्या प्रत्येक केसावर माशासारखे बारीक खवले असतात, ओल, ऊब आणि घासणं मिळालं की केस एकाच दिशेने सरकत जातात आणि खवले एकमेकात अडकून बसतात, मग ते परत सुटत नाहीत. तुमचा चांगला स्वेटर वॉशिंग मशीनमधून बाळाच्या मापाचा होऊन बाहेर आला असेल तर अभिनंदन, तुम्ही जेन केलेली आहे. ही माणसाची फार जुनी विद्या, सैबेरियात अल्ताई डोंगरात पाझिरिकच्या थडग्यांमधून अडीच हजार वर्षांच्या आसपासचे मळलेल्या लोकरीचे रंगीत तुकडे बर्फात टिकून सापडलेत. काश्मीरमध्ये याचा नमदा होतो. आपल्याकडे कोल्हापूर भागात जेन व्हायची, घोड्याच्या खोगिराखाली आणि बाळंतिणीच्या अंथरुणाखाली जायची. आज शहरात विचारलं तर दहातल्या नऊ जणांना जेन म्हणजे जैन असंच ऐकू जातं.

चौथं काम सुयांचं, म्हणजे माझं मूळ. सुयांवर विणलेले सगळ्यात जुने नमुने म्हणजे इजिप्तमधले मध्ययुगातले निळे-पांढरे सुती मोजे. तिथून युरोप, तिथे हे काम कित्येक शतकं पुरुषांच्या संघांचं होतं, १५८९ला विल्यम ली नावाच्या इंग्रजाने मोजे विणायचं यंत्रसुद्धा काढलं, आणि मग यंत्राने धंदा उचलल्यावर सुया हळूहळू घरातल्या बायकांच्या हातात छंद म्हणून आल्या. आपल्याकडे त्या मड्डमांबरोबर आणि मिशनच्या मुलींच्या शाळांबरोबर आल्या, शिवणटिपणाच्या तासात. तिथून शिकलेल्या घरांमध्ये शिरल्या. टोपरी, कानटोप्या, गुलबंद, मग स्वेटर. उलट टाका सुलट टाका हे शब्द आमच्या घरात पाढ्यांसारखे पाठ. १९६२च्या युद्धात जवानांसाठी देशभर बायकांनी स्वेटर विणले, त्यात मराठी घरंही होती, आमच्या आजीच्या पिढीत ही गोष्ट सांगितली नाही असं घर विरळाच.

पण ही लोकर कुठली होती? विलायती नाहीतर ऑस्ट्रेलियन मेरिनोची, इथल्या मेंढीची नाही. साहजिक आहे, ५० मायक्रॉनचं टोपरं कोण बाळाला घालणार. म्हणजे पुण्यातल्या वाड्यात एक बाई सातासमुद्रापलीकडच्या लोकरीचा मफलर विणतेय आणि खाली रस्त्यावरून काळ्या मेंढ्यांचा कळप दिवाळीनंतर कोकणाकडे चाललाय, दोघांनाही लोकरीतलं सगळं कळतं आणि दोघांचं एकमेकांशी काही बोलणं नाही. मला हे चित्र फार छळतं.

नंतर तर लोकर शब्दच हातातून गेला. १९५०च्या सुमाराला अमेरिकेत ऑर्लॉन नावाने ॲक्रिलिक, म्हणजे कारखान्यात केलेला कृत्रिम धागा, बाजारात आलं, आपल्याकडे पुढे कॅशमिलॉन नावाने घराघरात पोचलं, स्वस्त, रंग पक्के, कसर लागत नाही, बायका खूश. आज दुकानात "लोकर द्या" म्हटलं की ॲक्रिलिकच मिळतं, खरी हवी असेल तर "वूल वूल" असं दोनदा म्हणावं लागतं.

घोंगडीवर घाव वेगळ्या बाजूंनी पडले. १९२५ला ठाण्याच्या खाडीकाठी जी गिरणी निघाली, आजची रेमंड, तिची सुरुवात जाड्याभरड्या ब्लँकेटपासूनच होती. मग पानिपतची जुन्या कपड्यांच्या चिंध्या पिंजून केलेली स्वस्त ब्लँकेटं आली. एकेकाळी काळ्या कांबळ्यांना लष्कराचं गिऱ्हाईक होतं, ते तुटलं. सरकारी योजनांनी मेरिनो, रॅम्बुले असे परदेशी नर आणून संकर केले, लोकर सुधारण्यासाठी, पण ती जनावरं उन्हातान्हात शेकडो किलोमीटर चालणारी नव्हेत. आणि मटणाला भाव आल्यावर जतकडची माडग्याळ मेंढी पुढे आली, उंच, लांब कानांची, अंगावर लोकर जवळपास नाहीच. फलटणच्या निंबकरांच्या संस्थेने दख्खनी मेंढीत सुंदरबनच्या गरोळ मेंढीचा जुळ्यांचा जनुक आणला, फार मोठं काम आहे ते, मेंढपाळाच्या हातात चार पैसे जास्त येतात, पण तेही शेवटी कोकरांसाठी, लोकरीसाठी नाही. आता अशी वेळ आलीय की कातरणाऱ्याला मेंढपाळ पदरचे पैसे देतो आणि कातरलेली लोकर रानात टाकून देतो किंवा जाळतो. मेंढीला उन्हाळ्यात सुटसुटीत वाटावं म्हणून कातरायचं, बास.

मग फायबर आर्टिस्ट हा प्राणी कुठून आला? ते नाव बाहेरचं. जर्मनीत बाउहाउस नावाच्या कलाशाळेत मुलींना बहुतेक करून मागाच्या वर्गात ढकलायचे, त्या वर्गातून ॲनी अल्बर्ससारखी बाई निघाली. १९६२ला स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये टॅपेस्ट्रीचं, म्हणजे मागावर विणलेल्या चित्रांचं, द्वैवार्षिक प्रदर्शन सुरू झालं, १९६९ला न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने भिंतीवर टांगायच्या विणलेल्या कामांचं प्रदर्शन भरवलं, शीला हिक्स, पोलंडची माग्दालेना आबाकानोविच ही नावं त्यातली. धागा म्हणजे वापरायची वस्तू नाही, शिल्प आहे, असं हे लोक म्हणत होते. आपल्याकडे मुंबईत जन्मलेल्या मृणालिनी मुखर्जी यांनी वनस्पतीच्या धाग्यांच्या दोरांना गाठी मारून माणसाहून उंच देवतांसारखी शिल्पं उभी केली, सुया नाहीत, माग नाही, नुसत्या गाठी. या चळवळीमुळे एक गोष्ट नक्की झाली, की एकच बाई कातेल, रंगवेल, विणेल, मळेल आणि खाली सही करेल हे चालायला लागलं. घोंगडीवर सही नसते. ती चार-पाच हातांतून गेलेली असते, कोणाची म्हणून लिहायची?

म्हणून मला हे नाव घेताना थोडं अवघडल्यासारखं होतं, पण दुसरं सापडलेलं नाही. सध्या माझ्या गॅलरीत दोन मेंढ्यांची काळी लोकर आहे, सांगोल्याच्या बाजूच्या एका मेंढपाळाने फुकट दिली, वर "कशाला पाहिजे ताई हे" असं विचारलं. तीन वेळा धुतली, माती आणि कुसळं जाऊन वजन बरंच उतरलं. अर्धी तकलीवर कातून झालीय, तिचा छोट्या मागावर आसनाचा तुकडा करतेय, चिंचोके काल रात्री भिजत घातलेत. उरलेल्या अर्ध्यात सुयांवर काही करून बघितलं, दोन ओळी विणल्या आणि उसवल्या, ती लोकर सुयांवर चढायला तयारच नाही. तिची जेन करेन.