भोक सरळ का जात नाही?

हौसेने रायफलची नळी लेथवर (धातू फिरवून कापणाऱ्या यंत्रावर) चढवणाऱ्याला पहिल्याच दिवशी एक गोष्ट कळते: नळीचं भोक नळीच्या मधोमध असेलच असं नाही. अमेरिकेत हा छंद बऱ्यापैकी रुजलेला आहे (आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्याशिवाय तो गुन्हा ठरतो). नळी बाहेरून कितीही चकचकीत असली, तरी आतलं भोक किंचित सरकलेलं, थोडं वळलेलं असू शकतं. म्हणून डायल गेजची (सूक्ष्म हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या मापकाची) सुई बाहेर न टेकवता भोकाच्या आत टेकवतात. नळी लेथवर पकडणाऱ्या फोर-जॉ चकचे चारही जबडे स्वतंत्रपणे सरकतात. जॉब (म्हणजे लेथवर धरलेली वस्तू, इथे नळी) हाताने एक फेरी फिरवल्यावर काटा एकूण ०.१० मिमी हलला, तर जॉब सरकवायचा ०.०५ मिमीच. अक्ष जेवढा चुकलेला असतो, तेवढा तो एकदा पुढे आणि अर्ध्या फेरीनंतर तेवढाच मागे दिसतो.

पण भोक मुळात वाकडं जातंच का? लांब, बारीक ड्रिल लवचीक असतं. पोलादात जरा कठीण जागा लागली की टोक बाजूला सरतं आणि पुढे त्याच तिरप्या वाटेने जात राहतं. यावरचा उपाय मला फार सुंदर वाटतो: ड्रिलऐवजी जॉब फिरवायचा. मग टोक सरलं, तरी जॉबच्या दृष्टीने त्या चुकीची दिशा प्रत्येक क्षणी बदलते. ती एकाच बाजूला साठत नाही आणि भोक फिरण्याच्या अक्षाला बरंच धरून राहतं.

तोफांनी हे आधीच शिकवलं होतं. पोकळ ओतलेल्या तोफेत हत्यार ओतकामातल्या वाकड्या भोकामागेच जायचं. स्वित्झर्लंडच्या जाँ मारिट्झ यांनी भरीव तोफ ओतून ती कोरण्याची पद्धत आणली. इंग्लंडमध्ये जॉन विल्किन्सन यांनी १७७४ मध्ये भरीव तोफ फिरवून कोरण्याचं पेटंट घेतलं. पुढे ते रद्द झालं, पण तोवर विल्किन्सन याहून मोठ्या कामाला लागले होते.

जेम्स वॉट यांना वाफेच्या इंजिनासाठी वेगळ्या कंडेन्सरची (वाफ थंड करून तिचं पाणी करणाऱ्या भांड्याची) कल्पना १७६५ मध्ये सुचली, पण वाफ गळू न देणारा गोल सिलिंडर कुणाला कोरता येईना. सिलिंडर दोन्ही बाजूंनी उघडा असतो, हे विल्किन्सन यांनी हेरलं. त्यांनी जाड बार आरपार घातला, दोन्ही टोकांना आधार दिला आणि पाती त्या बारवरून पुढे सरकवली. एकाच टोकाला धरलेल्या बारच्या मोकळ्या टोकावर दाब दिला, तर तो जितका वाकतो, त्याच्या सोळाव्या हिश्शाइतकाच तोच बार दोन्ही टोकं टेकवून मध्ये दाबल्यावर वाकतो. १७७६ मध्ये इंग्लंडमधल्या टिप्टनला बसवलेला ५० इंची सिलिंडर जुन्या शिलिंगच्या नाण्याच्या जाडीइतकाही कुठे चुकत नाही, असं वॉटचे भागीदार मॅथ्यू बोल्टन यांनी कळवलं. वाफेचं इंजिन कारखान्यांत पोहोचलं, त्यात या बारचा वाटा कंडेन्सरइतकाच आहे, असं मला मनापासून वाटतं.

घरच्या छोट्या लेथवर बोअरिंग बारला (भोक कोरणाऱ्या, टोकाला पातं असलेल्या दांड्याला) दोन आधार क्वचितच मिळतात. तिथे हिशेब लांबी-जाडीचा: टूलपोस्टबाहेरची (हत्यार धरणाऱ्या ठोकळ्याबाहेरची) लांबी दुप्पट केली की बार आठपट वाकतो, व्यास दुप्पट केला की सोळापट कमी. भोकात चॅटरच्या (हत्याराच्या थरथरीच्या) लाटा उमटू लागल्या, तर वेगाला हात लावण्याआधी बार आत ओढून घ्यावा, आणि भोकात मावेल तेवढा जाड बार निवडावा.