विमानाची खिडकी गोलसर का, आणि यानाला खिडकी कशाला?

शुभांशु शुक्ला २०२५ च्या जून-जुलैत आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर होते. त्या दिवसांत आपल्या घरोघरी पोचलेल्या छायाचित्रांपैकी एक क्युपोलातलं होतं. क्युपोला म्हणजे स्थानकाच्या पोटाला लावलेला सात काचांचा सज्जा. तिथून पृथ्वी पायाखाली सरकताना दिसते. फोटो बघताना आपलं लक्ष पृथ्वीकडे जातं, काचेकडे जात नाही. पण ती काच तिथे असावी की नसावी, यावर माणसं दशकानुदशकं भांडली आहेत, आणि त्याआधी विमानात काच कशी बसवायची हे कळायला अनेकांचे प्राण गेले आहेत.

दुसऱ्या महायुद्धाआधीच्या प्रवासी विमानांना हा प्रश्न फारसा पडला नव्हता. डाकोटासारखी विमानं कमी उंचीवरून उडत. आत-बाहेर हवा सारखीच असल्यामुळे खिडकी चौकोनी असली तरी बिघडत नसे. उंच गेलं की हवा विरळ होते आणि माणसाला श्वास घेता यावा म्हणून आत दाब भरावा लागतो. मग विमानाचा पत्रा फुगवलेल्या फुग्यासारखा ताणलेला राहतो. नेहमीच्या विमानातली तळहाताएवढी वाटणारी खिडकी २३ सेंटिमीटर रुंद आणि ३३ सेंटिमीटर उंच धरली, तर उंचीवर तिच्यावर आतून चारशे किलोंच्या आसपास भार असतो. उतरलं की तो जातो, पुढच्या उड्डाणात पुन्हा येतो.

ब्रिटनच्या डी हॅविलंड कंपनीचं कॉमेट हे जगातलं पहिलं प्रवासी जेट २ मे १९५२ ला लंडनहून जोहान्सबर्गला निघालं. त्याच वर्षी ऑगस्टपासून कोलंबोला जाणारं कॉमेट मुंबईलाही उतरू लागलं. इतर विमानांच्या जवळजवळ दुप्पट उंचीवरून ते जाई, आणि आत-बाहेरच्या दाबातला फरकही इतरांहून बराच जास्त असे. १० जानेवारी १९५४ ला रोमहून निघालेलं कॉमेट एल्बा बेटाजवळ हवेतच फुटलं. ३५ माणसं गेली. उड्डाणं थांबवली, तपासणी झाली, पुन्हा सुरू केली, आणि ८ एप्रिलला दुसरं कॉमेट नेपल्सजवळ समुद्रात कोसळलं. त्यात २१ जण होते.

यानंतर ब्रिटनमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेत सर अर्नोल्ड हॉल यांच्या हाताखाली जो तपास झाला, तो मला विमानशास्त्रातला सगळ्यांत प्रामाणिक तपास वाटतो. एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत बुडवलं, पंख तेवढे बाहेर. आत पाणी भरून दाब चढवायचा, उतरवायचा, की एक उड्डाण झालं. पाणीच का? हवा भरून विमान फुटलं असतं तर बॉम्ब फुटल्यासारखे तुकडे उडाले असते आणि भेग कुठून निघाली हे कळलंच नसतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पत्रा फाटताच दाब उतरतो आणि पुरावा जागच्या जागी राहतो. खरी आणि टाकीतली मिळून ३,०५७ उड्डाणं भरल्यावर पत्रा फाटला. भेग सुटकेच्या खिडकीच्या कोपऱ्यातून निघाली होती.

असं का होतं, हे बघायला फार्नबरोला जायला नको. आपल्या घरात खिडकीच्या कोपऱ्यातून गिलाव्यावर तिरकी भेग गेलेली असते, ती बघावी. भिंतीतला ताण खिडकीच्या भोकाला वळसा घालून पुढे जातो आणि वळण जितकं अरुंद तितकी तिथे त्याची गर्दी होते. विमानात ही गर्दी प्रत्येक उड्डाणागणिक होते आणि ओसरते. धातू थकतो, म्हणजे एका वेळच्या भारानं न तुटणारा पत्रा हजार वेळा तोच भार झेलून केसाएवढा चिरतो, आणि एक दिवस ती चीर धावत सुटते.

पण इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘चौकोनी खिडक्यांमुळे कॉमेट पडलं’ हे वाक्य जगभर पाठ झालेलं आहे आणि ते अर्धंच खरं आहे. कॉमेटच्या खिडक्यांचे कोपरे गोलावलेले होते, पुरेसे नव्हते इतकंच. एल्बाजवळच्या विमानाचा जो निर्णायक तुकडा समुद्रातून हाती आला, तो छताचा होता. तिथे दिशाशोधक यंत्राच्या अँटेनासाठी झरोका ठेवला होता. त्या झरोक्याच्या कडेच्या एका छिद्रापासून भेग सुरू झाली होती. प्रवासी ज्यातून बाहेर बघत होते, ती खिडकी नव्हे. त्यात भर म्हणजे पत्रा चिकटवण्याऐवजी रिवेट ठोकले होते, आणि ठोकताना छिद्राच्या कडेला बारीक चिरा पडू शकत होत्या.

सगळ्यांत बोचतं ते वेगळंच. कंपनीनं चाचण्या केल्याच नव्हत्या असं नाही. चाचणीच्या सांगाड्यानं सुमारे १६ हजार वेळा दाब झेलला होता. पण त्याच सांगाड्याला आधी जास्तीचा दाब देऊन त्याची ताकद आजमावली होती. त्या दाबानं कोपऱ्यांतला धातू थोडासा ताणून पक्का बसला आणि थकवा त्याला उशिरा आला. प्रवाशांच्या वाट्याला आलेल्या विमानांना ते बळ मिळालंच नव्हतं. हलगर्जीपणा शोधायला गेलं तर सापडत नाही, सापडतं ते त्या वेळचं अज्ञान.

त्यानंतरच्या खिडक्यांवर हा धडा उमटलेला दिसतो, पण सगळ्यांवर सारखा नाही. १९५७ पासून सांताक्रूझवरून उडणाऱ्या इंडियन एअरलाइन्सच्या व्हायकाउंटना मोठ्या, लंबगोल खिडक्या होत्या. हा आराखडा कॉमेटच्या अपघातांआधीचा, म्हणजे योग्य आकार माहीत असणारे लोक तेव्हाही होते. १९६४ ला आलेल्या कॅराव्हेल विमानांच्या खिडक्या गोलसर कोपऱ्यांच्या त्रिकोणी होत्या: खाली रुंद, वर निमुळत्या. माणूस विमानातून बघतो ते बहुतेक खालीच, म्हणून भोक लहान ठेवूनही दृश्य राखलं. मला ही सगळ्यांत समंजस खिडकी वाटते. आवाजाहून वेगानं उडणाऱ्या कॉन्कॉर्ड विमानाच्या खिडक्या तर पोस्टकार्डाएवढ्याच होत्या. ६० हजार फुटांवर एखादी फुटली तर हवा संपायच्या आत वैमानिकाला खाली उतरता यावं, हा त्यामागचा हिशेब.

आजच्या खिडकीत सहसा तीन थर असतात. बाहेरचा ताणलेल्या ॲक्रिलिकचा, तोच दाब पेलतो. मधला राखीव. आतला, ज्याला आपण डोकं टेकवतो, तो फक्त ओरखड्यांपासून बचाव करतो. मधल्या थरात तळाशी एक इवलंसं छिद्र असतं आणि त्याच्याभोवती कधी कधी बर्फाची नक्षी जमते. ते पाहून घाबरून हवाईसुंदरीला बोलावणारे प्रवासी मी पाहिले आहेत. ते छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं. त्यातून थरांमधल्या पोकळीतला दाब केबिनइतका राहतो, म्हणून भार बाहेरच्या थरावर जातो आणि मधला ताजा राहतो.

अंतराळात प्रश्न उलटा झाला. तिथे अभियंत्यांचं म्हणणं होतं की खिडकी हवीच कशाला? अमेरिकेच्या मर्क्युरी यानाच्या पहिल्या आराखड्यात दोन लहान गोल झरोके आणि एक पेरिस्कोप होता. ५ मे १९६१ ला ॲलन शेपर्ड तसेच गेले. अंतराळवीरांनी खिडकीसाठी हट्ट धरला होता, आणि जुलैत गस ग्रिसम यांच्या यानाला ती मिळाली. आपण यान चालवणार, की डब्यात बसवून पाठवलं जाणार, हा त्या हट्टामागचा खरा प्रश्न होता.

अपोलो मोहिमांच्या, चंद्रावर उतरणाऱ्या यानात तर खिडकीनं आसनं घालवली. सुरुवातीच्या आराखड्यात बसायची जागा आणि मोठ्या काचा होत्या, पण काच जड असते. वीरांना उभं केलं, तर डोळे काचेच्या अगदी जवळ येतात आणि लहान त्रिकोणी खिडकीतूनही तेवढंच दिसतं. डाव्या खिडकीच्या दोन्ही काचांवर रेघा आखल्या होत्या. संगणक अंशांचा आकडा सांगे, कमांडर दोन्ही रेघा एका ओळीत धरून त्या आकड्यापाशी बघे, आणि यान चंद्रावर नेमकं कुठे उतरणार ती जागा समोर दिसे. म्हणजे काचच उपकरण झाली.

१९७९ साली डोक्यावर पडेल म्हणून आपल्याकडे ज्याची धास्ती घेतली होती, त्या स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकालाही आधी खिडकी नको होती. औद्योगिक रचनाकार रेमंड लोवी यांनी ती जेवणाच्या जागेत असायलाच हवी असं ठणकावलं, आणि तिथेच अंतराळवीर फावल्या वेळात गोळा होत. धोकाही खरा होता: १९८३ मध्ये चॅलेंजर या अंतराळयानाच्या काचेला रंगाच्या एका कपच्यानं खळगा पाडला आणि ती काच बदलावी लागली. २००४ च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय स्थानकातली हवा हळूहळू कमी होऊ लागली, तेव्हा गळती सापडली प्रयोगशाळेच्या खिडकीजवळच्या नळीत. काचांमध्ये दव धरू नये म्हणून ती बसवली होती, आणि पृथ्वी बघताना माणसं तिलाच धरून तरंगत होती.

२०१० मध्ये क्युपोला आला, इटलीत घडवलेला, मधली काच ८० सेंटिमीटर व्यासाची, बाहेर बंद करायच्या झडपा. पुढचं पाऊल पैसे मोजून जाणाऱ्यांचं. ब्लू ओरिजिन या खासगी कंपनीच्या कुपीला एक मीटरहून उंच अशा सहा खिडक्या आहेत, कारण काही मिनिटांच्या त्या प्रवासात विकायला दुसरं काही नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये चार खासगी प्रवाशांचं, स्पेसएक्स कंपनीचं ड्रॅगन यान स्थानकाला जोडायचंच नव्हतं, म्हणून टोकाची जोडणीची यंत्रणा काढून तिथे पारदर्शक घुमट बसवला. २०२५ च्या एप्रिलमध्ये तसाच घुमट घेऊन तेच ड्रॅगन दोन्ही ध्रुवांवरून फिरलं. वर जाताना आणि परतताना घुमटावर टोकाचं झाकण मिटलेलं असतं. कक्षेत पोचल्यावरच ते उघडतात.